जुना क्लाटू की नवा क्लाटू? द डे द अर्थ स्टुड स्टिल, 1951 आणि 2008

गच्चीवाला
नमस्कार मंडळी. गेल्या शनिवार-रविवारी कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून, पांढरी चादर ताणून दोन पिक्चर बघितले. शनिवारी 1951 चा रॉबर्ट वाईजचा कृष्णधवल, रविवारी त्याचाच 2008 चा रिमेक, स्कॉट डेरिकसनचा, किआनू रीव्ह्ज असलेला. चौदा माणसं होती, आज्जी धरून.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परग्रहावरून क्लाटू नावाचा एकजण येतो, सोबत गॉर्ट नावाचा यंत्रमानव. माणसं पहिल्या भेटीतच त्याला गोळी घालतात. जुन्यात तो सांगायला आलेला असतो की अणुबॉम्ब हातात घेऊन अंतराळात येऊ नका, नाहीतर तुम्हाला संपवावं लागेल. नव्यात तो पृथ्वी वाचवायला आलेला असतो, आणि ती वाचवायची तर माणूस हटवला पाहिजे असं त्यांच्याकडं ठरलेलं असतं.

माझा प्रश्न असा की नव्यात सगळं मोठं आहे, गॉर्ट मोठा, न्यूयॉर्कच्या पार्कात उतरणारा तो गोळा मोठा, सैन्य मोठं, तरी रविवारी पिक्चर संपल्यावर पंधरा मिनिटांत सगळे चपला शोधायला लागले. शनिवारी मात्र रात्री एक वाजेपर्यंत कोण हललं नाही. हे नुसतं जुनं ते सोनं नाही, कारण मी स्वतः नवा आधी बघितलेला, 2008 ला कॉलेजात असताना, आणि तेव्हा आवडलेला. मग होतंय काय नक्की?

तिकटीवरचा
जुना. विषय संपला.

पुण्यातला_कोल्हापूरकर
@तिकटीवरचा, भावा विषय आत्ता कुठं चालू झालाय. मिरजकर तिकटीला उभारून निकाल द्यायची सवय सोड जरा.

रंकाळ्याची_हवा
मी नव्याची बाजू घेणार आहे, आधीच सांगते. शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळं असेल कदाचित.

1951 साली कोरियात युद्ध चालू होतं, त्याआधी दोनच वर्षं रशियानं अणुबॉम्बची चाचणी केलेली. त्यामुळं त्या वेळच्या क्लाटूनं बॉम्बवर बोलणं बरोबरच होतं. पण 2008 साली तो आला असता तर कशाबद्दल बोलला असता? हवा, पाणी, प्राणी याबद्दलच ना? नव्या पिक्चरमध्ये तो साधारण असं म्हणतो, की पृथ्वी मेली तर तुम्ही मरता, पण तुम्ही मेलात तर पृथ्वी जगते. हे वाक्य ऐकून मी सरळ बसले. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाला हे परकं वाटायचं काही कारणच नाही. दर उन्हाळ्यात जलपर्णी बघतो आपण, शिरोळकडं मेलेल्या माशांचा खच बघतो. तो क्लाटू आपल्याबद्दलच बोलतोय.

आणि ते लहान लहान गोळे, जे प्रत्येक जातीचे जीव गोळा करून घेऊन जातात. आपल्याकडं मनूची आणि माशाची गोष्ट आहे तीच की ही, प्रलयाआधी बी-बियाणं नावेत भरून ठेवायची. फक्त इथं नावेत मनूला जागा नाही. मला ही कल्पना जुन्यापेक्षा जास्त धाडसी वाटते.

फिल्लम_मास्तर
ताई, मनूची आठवण फार चांगली काढलीत. कल्पना धाडसी आहे यात वाद नाही. पण पिक्चर नुसत्या कल्पनेवर चालत नाही, माणूस कुठं राहतो आणि कुणाबरोबर जेवतो त्यावर चालतो.

जुन्यात क्लाटू इस्पितळातून निसटतो आणि करतो काय, तर एका घरात भाड्यानं खोली घेतो. आपल्याकडं पोरं कॉट बेसिसवर राहतात ना, तसा. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बाकीचे भाडेकरू त्याच्याबद्दलच बोलत असतात. एक बाई ठामपणे सांगते की तो परग्रहावरचा वगैरे काही नाही, इथलाच आहे, आणि कुठला ते तुम्हाला माहितीच आहे. म्हणजे रशियाचा. आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय तो समोर बसून मन लावून ऐकतोय. त्या एका टेबलावर अख्खा 1951 चा अमेरिका बसलाय. नंतर बॉबी नावाचं पोरगं त्याला गाव दाखवायला घेऊन जातं, वडिलांची कबर दाखवतं, क्लाटू त्याला हिरे देऊन त्याच्याकडचे दोन डॉलर घेतो आणि दोघं सिनेमाला जातात! ह्या सगळ्यात आपल्याला त्या माणसाची सवय होते.

नव्यातला क्लाटू कुणाकडं राहतच नाही. पळतोय, गाडीत बसतोय, गाडीतून उतरतोय. मग शेवटी त्याला माणसांची दया येते ती कुठून आली?

गच्चीवाला
मास्तर, हिऱ्यांच्या सीनला गच्चीवर सगळ्यात मोठा हशा झाला. माझा नऊ वर्षांचा पुतण्या म्हणाला, दोन डॉलर म्हणजे किती, आणि तो बॉबी किती हुशार.

रंकाळ्याची_हवा
@फिल्लम_मास्तर, पण नव्यात तो म्हातारा चिनी गृहस्थ आहे की, वू नावाचा. क्लाटूसारखाच परग्रहावरचा, पण सत्तर वर्षं माणसांत राहिलाय. तो सांगतो की माणसं विध्वंसक आहेत, ती बदलणार नाहीत, पण माझं त्यांच्यावर प्रेम आहे, मी मरणार ते इथंच. बर्गरच्या हॉटेलात बसून हे बोलणं होतं. माझ्या मते दोन्ही पिक्चर मिळून सगळ्यात चांगला सीन हाच.

फिल्लम_मास्तर
हे मान्य. शंभर टक्के मान्य. त्या म्हाताऱ्यावर पिक्चर काढायला पाहिजे होता.

तिकटीवरचा
सत्तर वर्षं ऱ्हायला आणि मिसळ न खाता गेला बिचारा.

पुण्यातला_कोल्हापूरकर
क्लाटू गांधी मैदानावर उतरला असता तर गोळी कुणी घातली नसती. पयला प्रश्न, कुठनं आलासा. दुसरा, जेवलासा काय. तिसऱ्याला तांबडा-पांढरा समोर. पृथ्वी नष्ट करायचं काम तिथंच रद्द.

तिकटीवरचा
आणि गॉर्टला तालमीत घातला असता. सात फुटाचा गडी, खासबागेत जोडच मिळाली नसती.

थेट_शाहूपुरी
गॉर्टवरून आठवलं. जुना गॉर्ट म्हणजे खरा माणूस होता आत, लॉक मार्टिन नावाचा, सात फुटांहून उंच, हॉलिवूडमधल्या एका थिएटरच्या दारावर नोकरीला होता. त्याच्यासाठी दोन पोशाख शिवले होते, एक पुढनं बांधायचा, एक मागनं. पुढनं शूटिंग असलं की मागनं बांधलेला घालायचा, म्हणजे पडद्यावर सांधा दिसत नाही आणि यंत्रमानव एकसंध धातूचा वाटतो. किती साधी युक्ती! नवा गॉर्ट सगळा कॉम्प्युटरवरचा, जवळजवळ 28 फूट, आणि नंतर तो बारीक किड्यांचा थवा होऊन ट्रक आणि स्टेडियम खात सुटतो.

मी वाद्यं दुरुस्त करतो, पेट्या जास्त करून, त्यामुळं माझं लक्ष म्युझिककडं. जुन्याला बर्नार्ड हर्मनचं संगीत आहे आणि त्यात दोन थेरेमिन वापरलेत. थेरेमिन म्हणजे हात न लावता वाजवायचं वाद्य. दोन अँटेना असतात, एका हातानं सूर वर-खाली करायचा, दुसऱ्या हातानं आवाज कमी-जास्त. पेटीला पट्टी असते, सतारीला पडदे असतात, ह्याला काहीच नाही, हवेत सूर शोधायचा. म्हणून तो आवाज कुठनं येतोय ते कळत नाही, माणूस गातोय का यंत्र रडतंय तेही कळत नाही. गॉर्टचं तोंडावरचं झाकण हळूहळू वर जातं आणि मागं ते वाजतं तेव्हा अंगावर काटा येतो. नव्याचं म्युझिक वाईट नाही, पण घरी जाताना एक सूर आठवत नाही.

गच्चीवाला
पुतण्याला विचारलं होतं, कुठला गॉर्ट भारी. म्हणाला जुना. का? तर म्हणे, तो काहीच करत नाही, नुसता उभा राहतो, म्हणून भीती वाटते, हलला तर काय करेल?

तिकटीवरचा
पोरगं हुशार हाय.

नवखी_वाचक
पहिल्यांदाच लिहितेय. मी दोन्ही बघितलेत आणि मला जुन्याबद्दल एक खटकतं, ते कुणी बोललं नाही. शेवटचं भाषण. क्लाटू म्हणतो आम्ही गॉर्टसारखे यंत्रमानव पोलीस म्हणून नेमलेत, कोण मारामारी करायला लागलं की ते त्याला संपवतात, त्यामुळं आमच्यात शांतता आहे, आता तुम्ही ठरवा. ही कसली शांतता? डोक्यावर बंदूक धरून शांत बस म्हणणं म्हणजे धाक झाला. आम्ही होस्टेलला असताना रेक्टर असंच करायच्या आणि बाहेरून होस्टेल अगदी शांत दिसायचं. नव्यातला क्लाटू निदान ऐकून घेतो, मत बदलतो, आणि माणसांसाठी स्वतः त्या थव्यात चालत जातो. मला तो जास्त माणूस वाटला.

फिल्लम_मास्तर
स्वागत! पहिल्याच पोस्टमध्ये वर्मावर बोट ठेवलंत. त्या भाषणावर आम्ही मित्र गेली कित्येक वर्षं भांडतोय. मला एवढंच म्हणायचंय की जुन्यात निर्णय माणसांवर सोडून तो निघून जातो. पिक्चर संपतो तेव्हा उत्तर कुणाकडंच नसतं. नव्यात माणसांच्या वतीनं सगळं क्लाटूच करून टाकतो, आपण फक्त पुलाखाली बसून वाट बघतो.

आणि जुन्यात हेलनला, म्हणजे त्या बॉबीच्या आईला, काम आहे हो! क्लाटू तिला तीन शब्द पाठ करायला सांगतो, क्लाटू बराडा निक्टो. मला काही झालं तर जाऊन गॉर्टला हे सांग. ती एकटी रात्रीची जाते, तो तिच्या अंगावर चालून येतो, तिच्या घशातून आवाज फुटत नाही, आणि तरी ती ते तीन शब्द म्हणते. सरकारी ऑफिसात काम करणारी, एका पोराची विधवा आई जग वाचवते. नव्यातली हेलन एवढी प्राध्यापक, शास्त्रज्ञ, पण तिला काम काय, तर आम्ही बदलू शकतो एवढं विनवत राहायचं. ते तीन शब्द नव्यातही आहेत, पण ऐकू येईपर्यंत निघून जातात.

थेट_शाहूपुरी
त्या शब्दांचा अर्थ काय हे पिक्चरमध्ये शेवटपर्यंत सांगत नाहीत, ते बेस्ट.

पुण्यातला_कोल्हापूरकर
माझ्या मते अर्थ, "चालतंय की, ऱ्हाऊ दे आता."

फिल्लम_मास्तर
विषय जरा बाजूला नेतो, राग मानू नका. रिमेक म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण कोल्हापूरकरानं मुरडू नये. बाबूराव पेंटरांनी 1925 ला सावकारी पाश केला, मूकपट, त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. आणि 1936 ला बोलपट आल्यावर तोच सावकारी पाश बाबूरावांनीच परत केला. कर्ज, जप्ती, गाव सोडून शहरात जाणं, हे अकरा वर्षांनी बदललेलं नव्हतं म्हणून परत सांगितलं, आता आवाजासकट. ज्या माणसानं 1918 च्या सुमारास ह्याच गावात लेथवर पार्ट पाडून कॅमेरा बनवला त्याला दुसऱ्यांदा सांगण्यात कमीपणा वाटला नाही. तेव्हा रिमेक करणं चूक नाही. परत सांगायला कारण पाहिजे. रंकाळ्याच्या ताईंनी सांगितलेलं कारण, नदीचं आणि माशांचं, ते अगदी खरं कारण आहे. ते 2008 च्या पिक्चरला नीट सांगता आलं नाही ह्याचं मला दुःख आहे.

रंकाळ्याची_हवा
मास्तर, हे मात्र लागलं मनाला. खरंय. अख्ख्या पिक्चरमध्ये एक आटलेली नदी, एक मेलेलं जंगल नीट दाखवत नाहीत. क्लाटू म्हणतो पृथ्वी मरतेय आणि आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

पण एक मुद्दा तरी राहतोच. प्राध्यापक बार्नहार्ट, म्हणजे जॉन क्लीझ, त्याला म्हणतो की माणूस कड्याच्या टोकावर आल्यावरच बदलतो, तुमच्याही जातीचं तेच झालं असणार, मग आम्हाला कड्यावर आणून ढकलता का? हा युक्तिवाद मला पटतो. जुन्यात क्लाटू ह्याच प्राध्यापकाच्या फळ्यावर गणित सोडवून दाखवतो, त्यापेक्षा पटतो.

चिखलीकर
बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. मी प्रयाग चिखलीचा, जिथं नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते तिथला.

कड्याच्या टोकावर माणूस बदलतो म्हणालात ताई. 2005 ला पाणी आलं, तेव्हा आम्ही म्हणालो असला पूर परत बघायचा नाही. 2019 ला आलं ते त्याच्या वर. राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर. 2021 ला परत, आणखी वर. तीन वेळा कडा बघितला की आम्ही. पाणी उतरलं की भिंतीवरची खूण पुसून घ्यायची, रंग मारायचा, पूररेषेत बांधकाम चालूच. त्यामुळं तो जॉन क्लीझचा डायलॉग ऐकून मी लॅपटॉप बंद केला होता, दुसऱ्या दिवशी राहिलेला बघितला.

आता जुन्याचं सांगतो. त्यात क्लाटू जगाला दाखवून द्यायचं म्हणून बरोबर बारा वाजता अर्धा तास सगळ्या जगाची वीज बंद करतो. गाड्या, कारखाने, आगगाड्या, सगळं जागेवर उभं. पण दवाखाने चालू ठेवतो आणि आकाशातली विमानं चालू ठेवतो.

ऑगस्ट 2019 ला आम्ही गाव सोडून शहरात आत्याकडं आलेलो, तिसऱ्या मजल्यावर. शहरातही लाईट नाही, उपकेंद्रं पाण्यात, पाण्याचे पंप पाण्यात, शिरोलीला हायवे बंद. बाबांना दम्यासाठी नेब्युलायझर लागायचा, दिवसातनं चार वेळा. पहिल्या रात्री त्यांच्या छातीचा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या पोरानं टेम्पोची बॅटरी सोडवली, गुडघाभर पाण्यातनं डोक्यावर घेऊन आला, तीन जिने चढवली, छोटा इन्व्हर्टर जोडला आणि मशीन चालू झालं. ते घुर्र घुर्र ऐकून आई भिंतीला टेकून खाली बसली. चार दिवस त्या बॅटरीवर काढले. मशीन चालू करायचं, दहा मिनिटं, बंद करायचं, वायर काढून ठेवायची, एक थेंब पण वाया जाऊ नये म्हणून.

त्यानंतर काही महिन्यांनी मी जुना पिक्चर बघितला आणि दवाखाने सोडले हे कळलं तिथं माझ्या डोळ्यात पाणी आलं. एवढी ताकद असलेला माणूस, आणि कुठं थांबायचं ते त्याला माहिती आहे. नव्यात शेवटी काय होतं, थवा थांबवायला क्लाटू अख्ख्या जगाची वीज घालवतो, घड्याळं बंद, गाड्या बंद, आणि गोळा वर निघून जातो. ह्याची किंमत मोजावी लागेल असं तो आधी सांगतो. पण कोण मोजणार? दवाखान्यात मशीनवर असलेल्यांचं काय? विमानांचं काय? पिक्चर तिथंच संपतो, सगळे आभाळाकडं बघत उभे. आम्हाला विचारा पुढं काय होतं ते. पहिल्या रात्रीनंतर काय होतं ते विचारा.

तिकटीवरचा
दादा, बाबा आता कसे आहेत?

चिखलीकर
बरे आहेत. 2021 ला पाणी यायच्या आधीच हलवलं. ती बॅटरी त्या पोराला नवीन घेऊन दिली, जुनी आमच्याकडंच ठेवलीय.

रंकाळ्याची_हवा
चिखलीकर दादा, हे वाचल्यावर मला माझी पोस्ट परत वाचावी लागली. विषयाची बाजू मी सोडत नाही, नदीबद्दल पिक्चर व्हायलाच पाहिजे. पण कड्याचा मुद्दा मी मागं घेते. वर्गात मुलांना हा धागा वाचून दाखवला तर चालेल का? तुमचं गाव वगळून.

चिखलीकर
गाव ठेवा की. गाव कशाला वगळायचं.

नवखी_वाचक
मी जुना आज परत लावला फक्त त्या सीनसाठी. बारा वाजतात तेव्हा क्लाटू आणि हेलन ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकलेले असतात, आणि तिथंच अंधारात तो तिला सगळं खरं सांगतो. जग बंद पडलेलं आणि दोन माणसं एका पेटीत बोलत उभी. धाकाबद्दल मी जे लिहिलं ते अजून वाटतंच, पण हा सीन मागच्या वेळी माझ्या नजरेतून सुटला होता.

गच्चीवाला
माझा प्रश्न मीच विसरलो होतो, चिखलीकरांच्या पोस्टनंतर कालची रात्र तशीच गेली. मग सकाळी आज्जीची गोष्ट आठवली. आज्जीला इंग्रजी कळत नाही, पुतण्या कानात सांगत होता. पिक्चर संपल्यावर बाकीचे यान, गॉर्ट, अणुबॉम्ब ह्यावर बोलत होते आणि आज्जीनं एकच विचारलं, "दवाखानं सोडलं म्हणाला नव्हं त्यो?" पुतण्या हो म्हणाला. "मग चांगल्या घरचा हाय," म्हणाली आणि झोपायला गेली. आम्ही तेव्हा हसलो होतो. शनिवारी लोक का बसून राहिले आणि रविवारी का उठले, ह्याचं उत्तर आज्जीनं तिथंच दिलं होतं. शनिवारी एक पाहुणा येऊन गेल्यासारखं वाटलं. रविवारी कोण आलंच नाही.

येत्या शनिवारी जुना परत लावतोय, साडेसातला. ज्यांना जमेल त्यांनी या, येताना चटई आणा. शाहूपुरीचे दादा, स्पीकर तुमचा.

थेट_शाहूपुरी
आणतो. थेरेमिन ऐकायचं तर तुमचा तो मोबाईलएवढा डबा चालायचा नाही.

चिखलीकर
बाबा येतो म्हणतायत. त्यांनी थेटरात जाऊन वीस वर्षं झाली असतील. तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का?

गच्चीवाला
लिफ्ट नाही, दोन जिने आहेत. खुर्चीवर बसवून वर आणू, चौघं आहोत आम्ही.

तिकटीवरचा
पाच धरा. सातला येतो.